कपिंजल आणि मी

चंडीगढास राहणाऱ्या मराठी माणसाकडे देशाकडचे पाहुणे आले, की त्यांना दाखवावयाची स्थळे ठरलेली असतात. सुखना तलाव, नेकचंदांनी भंगारातून उभारलेली ती विलक्षण बाग, आणि मग दक्षिणेकडची सडक : कुरुक्षेत्र, व सवड असल्यास पानिपत. या दोन मोठ्या नावांच्या मध्ये कुरुक्षेत्राला अगदी लागून असलेले ठाणेसर बहुतेकांच्या नजरेतून निसटते. वास्तविक हर्षवर्धनाच्या घराण्याची मूळ राजधानी, स्थाण्वीश्वर, ती हीच. तेथे आता एक विस्तीर्ण टेकाड उरले आहे. लोक त्याला ‘हर्ष का टीला’ म्हणतात. त्याच्या शेजारीच शेख चिल्लीची देखणी कबर आहे. दारा शिकोहचा गुरू मानला जाणारा हा सूफी आणि आपल्या गोष्टींतला मनोराज्ये करणारा शेखमहंमद यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मी प्रत्येक वेळी टाळतो.

मला त्या टेकाडाचे आकर्षण हर्षासाठी नाही, बाणासाठी आहे. बी. ए. ला संस्कृत घेतल्यामुळे बाणभट्टाशी माझी गाठ पडली, आणि परीक्षा संपल्यावरही तो सुटला नाही. ‘हर्षचरिता’त त्याने या नगराचे वर्णन केले आहे, पण त्याहून मला अधिक मोलाचे वाटते ते त्याच ग्रंथात त्याने स्वतःविषयी जे सांगितले आहे ते. आई लहानपणीच गेलेली, चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडील गेले, आणि हा पोरका ब्राह्मणपुत्र मित्रांचे मोठे टोळके जमवून देशोदेशी भटकू लागला. या मित्रांची यादी तो देतो; चाळिसाहून अधिक नावे आहेत. त्यांत कवी आहेत, गवई आहेत, वैद्य आहे. त्याचबरोबर मंत्रसाधना करणारा कराल आहे, पाताळातील असुरांच्या विवरांत शिरण्याचे वेड असलेला लोहिताक्ष आहे, आणि चकोराक्ष नावाचा गारुडी आहे. पुढे या भटकंतीमुळे झालेली बदनामी हर्षाच्या कानी गेली आणि पहिल्या भेटीत राजाने त्याला टोमणाही मारला. बाणाने आपली बाजू मांडली. परंतु मित्रांची नावे त्याने झाकली नाहीत. लोहिताक्षाच्या विवरांवर बाणाचा विश्वास होता की नव्हता, हे तो सांगत नाही. मित्रांमध्ये त्याला मोजतो, एवढेच.

या माणसाने लिहिलेली ‘कादंबरी’ ही किशोरवयीन मैत्र्यांची कथा असावी, यात आश्चर्य नाही. आपण मराठीत या ग्रंथाचे नाव साऱ्या एका वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. त्या भरात मूळ ग्रंथात काय आहे हे विचारावयाचे राहून गेले. सामान्यतः ती प्रेमकथा समजली जाते. तशी ती आहेच. पण चंद्रापीड विद्यामंदिरातून बाहेर पडतो तो सोळाव्या वर्षी, आणि बरोबर असतो मंत्र्याचा मुलगा वैशंपायन, जन्मापासूनचा सोबती. अच्छोद सरोवराच्या काठी पुंडरीक हा तापसकुमार महाश्वेतेला पाहून भान हरपतो, तेव्हा त्याच्या शेजारी असतो त्याच्याच वयाचा कपिंजल. आणि मैत्रीण शोकात बुडालेली असताना मी लग्न करणार नाही, असा हट्ट धरून बसलेली कादंबरी ही महाश्वेतेची बालसखी. या साऱ्या मैत्र्यांवर आधी प्रेम येऊन आदळते, आणि मागोमाग शाप, आकाशवाणी, पुनर्जन्म.

या सर्वांत माझे मन गुंतते ते कपिंजलात. पुंडरीकाच्या हातातून जपमाळ गळते आणि ते त्याला कळतही नाही, हे पाहून कपिंजल त्याला कठोर शब्दांत फटकारतो. पुंडरीक सारवासारव करतो. कपिंजल रागाने निघून जातो. थोड्या वेळाने, हा एकटा काय करतो ते पाहावे म्हणून तो परत येतो आणि झाडांआड उभा राहतो, तो मित्र जागेवर नाही. मग मात्र त्याचे धाबे दणाणते. शोधता शोधता तो सापडतो; अवस्था अशी की ओळखू येऊ नये. कपिंजल पुन्हा उपदेश करतो. पुंडरीकाच्या उत्तराचा आशय असा, की उपदेश ज्याची इंद्रिये व मन ताब्यात आहेत त्याला करावा, माझी ती वेळ गेली. यानंतर कपिंजल उपदेशाचा एक शब्द बोलत नाही. कमळाची पाने आणतो, चंदनाचा रस लावतो, वारा घालतो. आणि शेवटी काही तरी निमित्त सांगून उठतो तो थेट महाश्वेतेच्या दारी. तापसाने एका कुमारिकेच्या महाली जाऊन मित्राच्या प्रेमाची रदबदली करावी, हे निंद्य आहे हे तो जाणतो. परंतु निंद्य कर्म करूनही मित्राचे प्राण राखावेत, असे त्याने मनाशी ठरवलेले असते.

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून पुढचा विचार करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मी सतरा वर्षांचा होतो. आम्ही दोघे शेजारशेजारच्या गावांतले. बारावीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. डबा एकत्र, अभ्यास एकत्र, एकाची चप्पल तुटली की दुसऱ्याची दोघांना. त्या वर्षी तो क्लासमधल्या एका मुलीच्या प्रेमात पडला. सहामाहीत त्याचे गुण घसरले. मी त्याला समजावले, चिडवले, शेवटी चार दिवस अबोला धरला. तो ऐकेना. त्याने तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहिली होती आणि ती पाकिटात बाळगून तो रोज घराबाहेर पडे व रोज तशीच परत आणी.

महाराष्ट्रात तेव्हा भारनियमन जोरात होते. एका रात्री वीज गेलेली असताना शेजारच्या खोलीतली दोन मुले आली आणि प्लँचेट करण्याची टूम निघाली. कॅरमच्या बोर्डावर खडूने अक्षरे गोलाकार मांडली, एका बाजूस ‘हो’, दुसऱ्या बाजूस ‘नाही’. मध्ये स्टीलची वाटी उपडी. चौघांची चार बोटे तिच्यावर. बोर्डाला पावडर लावलेली, त्यामुळे वाटी सहज सरके. मी या प्रकारांवर काडीचा विश्वास ठेवीत नव्हतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पुस्तिका मी वाचलेल्या होत्या व त्याचा मला अभिमान होता. माझ्या मित्राने आपल्या आजोबांना बोलावले. ते आदल्या वर्षी गेले होते; त्याला लहानाचा मोठा त्यांनीच केला होता. तो म्हणाला, “आजोबा, तिला चिठ्ठी देऊ का?”

वाटी ‘नाही’वर गेली. ती मी नेली.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर कदाचित गंमत म्हणून सोडून देता आले असते. पण तो म्हणाला, “तुम्हीच आहात कशावरून?” आणि मी वाटी दोन अक्षरांकडे नेली. आजोबा त्याला ज्या लाडक्या नावाने हाक मारीत, त्या नावाची ती पहिली दोन अक्षरे. ते नाव त्याने मला कधी तरी रात्री, दिवा मालवल्यावर सांगितले होते, आणि सांगितल्याचे तो विसरला होता. तो रडू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी फाडली आणि परीक्षा होईपर्यंत मान वर करून पाहिले नाही. त्याला उत्तम गुण मिळाले. तो अभियंता झाला, पुण्यात स्थिरावला, त्याचा संसार सुखाचा आहे. त्या मुलीचेही यथाकाल लग्न झाले. कोणाचे काही बिघडले नाही.

कोणाचे काही बिघडले नाही, हीच माझी अडचण आहे. दुष्परिणाम झाला असता तर पश्चात्ताप करणे सोपे होते. परिणाम चांगला झाला असता कृत्य वाईट असू शकते काय, हा प्रश्न मी अनेक वर्षे निरनिराळ्या बाजूंनी स्वतःला विचारला आहे आणि दर वेळी माझ्यातला वकील हजर झाला आहे.

तो वकील आधी विज्ञानाचा आधार घेतो. 1853 साली मायकेल फॅरडेने फिरत्या टेबलांचे प्रयोग केले आणि दाखवून दिले, की टेबल फिरवतात ती भोवती बसलेल्यांचेच हात, त्यांच्या नकळत. आदल्याच वर्षी कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने अशा अजाणता होणाऱ्या हालचालींची उपपत्ती मांडली होती. तेव्हा त्या वाटीवर माझ्याखेरीज आणखी तीन बोटे होती, त्यांतले एक माझ्या मित्राचेच. त्यालाही मनातून भीती वाटत होतीच. ‘नाही’कडे वाटी त्यानेच ढकलली नसेल कशावरून? हा युक्तिवाद हुशारीचा आहे. परंतु फॅरडेच्या त्या सभ्य गृहस्थांना आपण ढकलतो आहोत हे खरोखरच ठाऊक नव्हते, आणि मला ठाऊक होते. विज्ञान त्यांची सुटका करते, माझी नाही.

मग तो म्हणतो, हा गुन्हा तर नव्हे? 2013 साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. भुताखेतांचे भय घालून लोकांना नाडणाऱ्या भोंदूंसाठी तो आहे. मी पैसे घेतले नाहीत, इजा केली नाही. सारे खरे. पण भोंदूला निदान आपल्या गिऱ्हाइकाचे गुपित दुसऱ्याकडून काढावे लागते. मला ते मैत्रीने दिले होते.

शेवटी तो कपिंजलालाच साक्षीला बोलावतो. कपिंजलानेही निमित्त सांगूनच मित्राला सोडले ना? मित्राच्या हितासाठी निंद्य कर्म करावे असे तोही मानत होताच ना? मी काय वेगळे केले?

या तिसऱ्या प्रश्नाने मी बराच काळ निरुत्तर होतो. नंतर एकदा तो प्रसंग पुन्हा वाचताना लक्षात आले, की कपिंजलाने जे निंद्य कर्म केले त्याची निंदा त्याच्या स्वतःच्या वाट्याला येणार होती. मान त्याची जाणार होती, तप त्याचे डागळणार होते. आणि ते केले कशासाठी, तर मित्राला जे हवे होते ते मिळावे म्हणून. स्वतःचे मत तर अखेरपर्यंत विरुद्धच होते. मी माझे मत खरे केले, आणि त्याचा खर्च मित्राच्या आजोबांच्या आठवणीतून भागवला. दोघांनीही लबाडी केली हे खरेच. त्याच्या लबाडीनंतर पुंडरीकापुढे निवड अधिक मोकळी झाली असती; माझ्या लबाडीनंतर माझ्या मित्रापुढे निवडच उरली नाही. मेलेल्या आजोबांशी सतरा वर्षांचा मुलगा वाद कसा घालणार? माझ्याशी तो घालीत होता. चार दिवसांच्या अबोल्यातही तो मला पुरून उरला होता.

ठाणेसरजवळच ज्योतिसर आहे. भगवद्गीता सांगितली गेली ती याच जागी, अशी श्रद्धा आहे. पाहुण्यांबरोबर मी तेथे कितीदा गेलो असेन. आणि गीतेतला जो भाग मला तेथे दर वेळी आठवतो तो कर्मयोगाचा नव्हे. विश्वरूप पाहून झाल्यावर अर्जुन घाबरून क्षमा मागतो : तुला मी ‘अरे कृष्णा’, ‘अरे मित्रा’ म्हणून हाका मारल्या, खेळताना, जेवताना थट्टेत तुझा अवमान केला, तो पोटात घाल. आणि मग विनवतो, की ते ओळखीचे रूप पुन्हा धारण कर. हा अकरावा अध्याय भक्तांनी अनेक प्रकारे वाचला आहे. मला त्यात एका मैत्रीची कळ दिसते. सख्याला समपातळी लागते. दोघांपैकी एक जण विश्वरूप झाला, की दुसऱ्याच्या हाती जोडलेले हात उरतात. अर्जुनाचे भाग्य असे, की समोरच्याने आपले रूप लपवले नव्हते आणि विनवल्यावर तो पुन्हा सारथी झाला. मी त्या रात्री मित्राच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून बोलत होतो. रूप कोणाचे हे त्याला कळलेच नाही, मग ते आवरते घे असे तो कोणाला म्हणणार?

आमची मैत्री त्यानंतर तुटली नाही. उलट तो माझ्यावर पूर्वीहून अधिक लोभ करू लागला. मीच हळूहळू मागे सरलो. पत्रे, पुढे फोन, कमी झाले. त्याला वाटले नोकरीमुळे. मीही तसेच म्हणालो, आणि सरकारी नोकरी हे कारण कोणालाही पटते.

गेल्या हिवाळ्यात तो सहकुटुंब चंडीगढास आला. मी त्यांना कुरुक्षेत्रास नेले, आणि आग्रहाने ठाणेसरच्या त्या टेकाडावर. ऊन कोवळे होते. त्याची लहान मुलगी विटांच्या जुन्या भिंतींवरून उड्या मारीत होती आणि तिची आई तिच्यामागे धावत होती. आम्ही दोघे बसलो. तो आपल्या घराविषयी बोलू लागला. सदनिका घेताना, नोकरी बदलताना तो आजोबांच्या तसबिरीपुढे बसतो आणि मग ठरवतो. बोलता बोलता म्हणाला, “लोक हसतात. पण त्या रात्रीपासून आजोबा आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. तू तर होतास ना तिथं!”

मी म्हणालो, “हो.”

खोटे बोलणे म्हणून पाहिले तर त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

तेव्हापासून माझ्यापुढचा प्रश्न बदलला आहे. सतराव्या वर्षी मी केले ते योग्य की अयोग्य, हा जुना झाला. त्याचे उत्तर मला मिळाले आहे. आता प्रश्न असा, की त्याला सांगावे की सांगू नये. सांगितले तर त्याचे आजोबा मी दुसऱ्यांदा नेईन. ज्या आधारावर त्याने इतक्या वर्षांचे निर्णय घेतले, तो आधार म्हणजे माझे बोट. हे कळणे कोणत्याही माणसाला क्रूर आहे. सत्य सांगण्याच्या इच्छेत माझे स्वतःचे ओझे उतरवण्याची हौस किती, हेही तपासले पाहिजे. कबुलीजबाब पुष्कळदा सांगणाऱ्याला हलके करतो आणि ऐकणाऱ्याला जड. एक विवेकी स्नेही मला म्हणाले, “राहू द्या की. श्रद्धाच आहे, कोणाला त्रास तर नाही.” त्यांचे म्हणणे मला बरेच दिवस पटलेही होते.

परंतु ‘कादंबरी’चा उत्तरार्ध, जो बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने पुरा केला, तो अलीकडे पुन्हा वाचला. बापाच्या भाषेची झळाळी त्यात नाही, असे पंडित म्हणतात, असेल. पण कथेतल्या मैत्र्यांचा हिशेब त्यात होतो. पुंडरीक मरतो, आकाशातून एक दिव्य पुरुष येऊन त्याचे प्रेत उचलून नेतो, आणि कपिंजल, माझ्या मित्राला कुठे नेतोस म्हणून ओरडत, त्याच्यामागे आकाशात झेप घेतो. त्या आंधळ्या धावेत तो एका तापट विमानचारी पुरुषाला ओलांडून जातो, आणि घोड्यासारखा उधळलास म्हणून घोडा होशील, असा शाप त्याला मिळतो. तोच चंद्रापीडाचा इंद्रायुध घोडा. इकडे पुंडरीक वैशंपायन होऊन जन्माला आलेला असतो, चंद्रापीडाचाच जिवलग म्हणून. म्हणजे कपिंजलाचा मित्र वर्षानुवर्षे रोज त्याच्या डोळ्यांपुढे वावरत होता. आणि कपिंजल स्वतः सांगतो, की घोडा झालो तरी माझी स्मृती गेली नव्हती. त्याला सारे ठाऊक होते. वाचा तेवढी नव्हती.

शेवटी तो सरोवरातून मनुष्यरूपात बाहेर येतो. तोवर वैशंपायन कुठल्याशा अनामिक ओढीने महाश्वेतेपाशी येऊन, तिला न ओळखता आल्यामुळे तिच्याच शापाने, गतप्राण झालेला असतो. ते ऐकून चंद्रापीडाचेही हृदय फुटलेले असते. आता वाचा मिळालेल्या कपिंजलाला महाश्वेतेला सांगावे लागते, की तू शाप दिलास तो तुझाच पुंडरीक होता. याहून क्रूर सत्य कोणते असेल? तो ते सांगतो. त्यात स्वतःच्या उतावीळ धावेची व तिच्या शिक्षेची कथाही सांगतो. ती आक्रोश करू लागते तेव्हा तो तेथून उठत नाही. यात तुझा काय दोष, म्हणून तिला धीर देतो. मित्राचा शोध घ्यावयास तो निघतो ते त्यानंतर.

फोनवर मी हे सांगू शकलो असतो. दोन-तीनदा क्रमांक लावलाही. पण फोन ठेवल्यानंतरचा तास त्याला एकट्याला काढावा लागला असता. आणि मला तो काढावा लागला नसता, हेच मला त्या सोयीत खुपले. पत्राचेही तेच. हा लेख त्याच्या वाचनात येण्याचा संभव नाही. तो मराठी मासिके वाचीत नाही, आणि आपले हे परप्रांतातले मासिक पुण्यास किती जणांकडे जाते हे संपादकच जाणोत.

दसऱ्याला तो पुन्हा येणार आहे, कुलूचा दसरा पाहण्यासाठी. या वेळी बरोबर त्याचे वडीलही आहेत, म्हणजे आजोबांचे चिरंजीव. सेक्टर 43 च्या स्थानकावरून त्यांची पुढची बस आहे. तिच्याआधी दोन दिवस मंडळी माझ्याकडे उतरतील. मी कचेरीत चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आहे.